पदपथावरचा मंडप

बेझुनेहने मंडपाचा पहिला खांब जमिनीला टेकवला आणि तो तसाच धरून उभा राहिला. खुंट ठोकायला मातीच नव्हती. दारापासून रस्त्यापर्यंत राखाडी फरशी, मधून आंधळ्यांच्या काठीसाठी पिवळी खाचांची पट्टी, कडेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार. सगळ्या अदिस अबाबात असा पदपथ नाही, असं या घरचा मेंगेशा येईल-जाईल त्याला सांगायचा. मेंगेशाला पुरून आता तास झाला होता. इद्दिरच्या, म्हणजे गल्लीतल्या मर्तिकाच्या मंडळाच्या, लोकांनी गाडीतून ताडपत्री, बाकं आणि उकडलेल्या गहू-हरभऱ्याची पातेली उतरवून ठेवली होती.

गल्लीत कुणी गेलं की इद्दिरने दारात मंडप घालायचा आणि शेजाऱ्यांनी तीन दिवस तिथे बसायचं. राजा गेला, लष्कर आलं नि गेलं, पण ही रीत कुणी मोडली नव्हती. ज्याच्या दारात मंडप पडला नाही तो बेवारशी, असंच इथे मानतात. मेंगेशाची बायको असेलेफेच सकाळपासून रडली नव्हती. ती दारात उभी राहून फक्त त्या खांबांकडे बघत होती.

निळ्या गणवेशातला पहारेकरी आला. पोरगा नम्र होता. पदपथावर काही म्हणजे काही मांडायचं नाही, एवढंच म्हणाला. बेझुनेह इद्दिरचा चिटणीस, बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हे. त्याने आधी समजावलं, मग गयावया केली, शेवटी त्याचा तोल सुटला.

"तुझा बाप गेला तर मंडप काय खिशात घालशील?"

"माझा बाप गावाकडे आहे, काका. तिथे जागा आहे."

इथे नव्हती. पुढच्या ओळीतली सतरा घरं पाडून हा पदपथ झाला होता. शेजारी शहराच्या पार टोकाला, चौथ्या-पाचव्या मजल्यावर जाऊन पडले. मेंगेशाचं दीड खोलीचं घर मागच्या ओळीतलं, म्हणून वाचलं आणि आपोआप पुढे आलं. साखरेच्या आजाराने पाय गेल्यावर सहा वर्षं तो चिखलाच्या गल्लीत अडकून होता, पदपथासाठी अर्जावर अर्ज करत होता. पदपथ झाल्यावर पाच महिने रोज खुर्ची ढकलत चर्चपर्यंत गेला. वाटेत थांबवून "कसा आहेस" विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

दुपारी शेजारी येऊ लागले, दोन-दोन बस बदलून. घरात बायकाच दाटीवाटीने बसल्या होत्या. बाहेर घोळका करू नका, असं पहारेकऱ्याने सांगितलं. चालायला मात्र मनाई नाही म्हणाला. मग पांढऱ्या शाली पांघरलेली साठी-सत्तरीची माणसं मेंगेशाच्या दारावरून पुढे जायची, वळायची आणि परत यायची. चालता चालता शहराच्या कारभाऱ्यांचा उद्धार करायची. त्यांचा शब्द न् शब्द असेलेफेचच्या जिव्हारी लागत होता.

शेवटी येशिमेबेत आली. पूर्वी समोर राहायची. तिचा मुलगा गेला तेव्हा त्याच्या मंडपाने गल्ली अडली, मेंगेशाची दवाखान्याची पाळी चुकली, आणि त्याने भर दुखवट्यात तिच्याशी भांडण काढलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. असेलेफेचने तिला भिंतीशी घेतलं.

"येशि, त्यांचा हात थरथरायचा. पदपथाचा तो अर्ज मी लिहिलाय. वाटेवर मंडपसुद्धा घालू देऊ नये, हेही त्यात आहे. तुझ्या लेकाच्या मंडपावरून घातलं ते."

येशिमेबेतने शाल सारखी केली.

"ठाऊक आहे. बोलणं बंद होतं, तरी सह्या मागायला आला तेव्हा त्यानेच वाचून दाखवलं मला."

"आणि तू सही केलीस?"

"अंगठा दिला. म्हटलं, म्हातारा चर्चला तरी जाईल. सगळ्यांनीच सह्या दिल्या गं. घरं जातील हे कुणाला माहीत होतं?"

तेव्हा असेलेफेचला रडू फुटलं. पहारेकरी लांबून बघत होता. येशिमेबेतने शालीच्या पदराने तिचे डोळे पुसले आणि शेवटची बस चारला आहे म्हणाली. तीन दिवस बसायची रीत. ती दहा मिनिटं उभी राहिली होती.

असेलेफेच तिच्याबरोबर थांब्यापर्यंत निघाली. वाट सपाट होती, मोकळी होती. दोघींना मध्ये कुठेही थांबावं लागलं नाही.