कोपऱ्यातलं पाणी

फाटकाची तार सोडवायला आर्डिसला हातमोजा काढावा लागला. दोन पीळ, आणि टोक आत वळवून त्याचा छोटा कान केलेला. हाताला बोचू नये म्हणून. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते, तरी फाटक अजून त्यांच्याच तारेने बांधलेलं होतं. शेतातल्या एकूण एक तारेला त्यांनी असा कान दिला होता. माणसांना बोचण्याची त्यांनी एवढी काळजी कधी घेतली नाही.

"उरक लवकर. डिझेल जळतंय माझं," मागून व्हर्लिन ओरडला. तो खोदयंत्रावर बसून होता. खाली उतरून धाकट्या बहिणीला तार सोडवून द्यावी, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

"तुझी तार, तुझं फाटक. तूच सोडव मग."

"कोपरा तुझा ना? मग फाटकही तुझंच."

आर्डिसने तार ओढून काढली आणि फाटक ढकललं. खोदयंत्र तिच्या बुटांवर चिखल उडवत आत गेलं. तिच्या गाडीजवळून जाताना व्हर्लिनने वाकून आत पाहिलं. पुढच्या सीटवर बाबांचा चौकटीतला फोटो होता. वाटेत पडू नये म्हणून तिने त्याला पट्टा लावला होता.

"म्हाताऱ्याला बांधून आणलंस?" तो म्हणाला. "आता कुठे पळणार आहे तो?"

तिने हातमोजा पुन्हा चढवला. तीन महिने ती गावात भाड्याच्या खोलीत राहत होती आणि या असल्या बोलण्याला सरावली होती. नवरा गेल्यावर तिने कोलंबस शहरातलं घर विकलं होतं. बाबांच्या मृत्युपत्रात स्पष्ट होतं: रस्त्याकडेचा चार एकरांचा कोपरा आर्डिसचा, पण वर्षाच्या आत तिने तिथे घराचा पाया घातला तर. नाहीतर कोपरा परत व्हर्लिनच्या शेतात. इथे गटारं पोचलेली नाहीत. घर बांधायचं तर सांडपाण्याचा शोषखड्डा हवा, आणि माती तपासून घेतल्याशिवाय त्याला परवानगी मिळत नाही. पंधरा दिवसांत जमीन गोठली असती. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

घराचं तर होतंच, पण तिला आतून वेगळीच गोष्ट खात होती. वयाच्या विशीत ती बापाशी भांडून शहरात गेली, त्यानंतर नाताळच्या कार्डापलीकडे त्यांनी तिला काही दिलं नव्हतं. या माणसाने आपल्याला पुसून टाकलं, अशी खूणगाठ बांधून ती जगली. आणि एकसष्टाव्या वर्षी अचानक हा कोपरा. मृत्युपत्र वाचून दाखवलं तेव्हा वकिलाच्या खोलीत ती लहान मुलीसारखी रडली होती. व्हर्लिन तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. त्या दिवसापासून तो तिला पाण्यात पाहत होता.

माती तपासणारा डेल क्रोनर आधीच येऊन थांबला होता. उंच, हडकुळा, पन्नाशीचा माणूस. गुडघे कायमचे मळलेले. साऱ्या शेतात मका कापून झाला होता आणि जमीन कोरडी होती. एवढ्या कोपऱ्यातच मात्र पाणी चमकत होतं. व्हर्लिनने दर वर्षीप्रमाणे इथेही मका पेरला होता, आणि तो दर वर्षीप्रमाणे गुडघाभर वाढून पिवळा पडून मेला होता. कापायलाही कोणी आलं नव्हतं.

व्हर्लिनने यंत्र नेमकं पाण्याच्या मध्यावर नेलं.

"मी सांगेन तिथे खणायचं," डेल म्हणाला.

"सांग की. बेडूक सगळीकडे सारखेच भेटतील." व्हर्लिन आर्डिसकडे वळला. "इथे घर होत नाही. मी विचारून बसलोय आधीच. मर्नाशी लग्न ठरलं तेव्हा म्हाताऱ्याकडे हाच कोपरा मागितला होता. पुढच्याच वसंतात पाणी वर आलं. म्हातारा म्हणाला, बांध खुशाल, तळघरात मासे पाळ."

"मला कधी कळवलं नाहीस."

"कुठे कळवणार? तू तेव्हा शहरात नाकाने कांदे सोलत होतीस."

मर्नाने सासऱ्याच्या घरात चार वर्षं काढली आणि ती निघून गेली, एवढं आर्डिसला माहीत होतं. व्हर्लिन त्याच घरात, त्याच माणसाच्या हाताखाली चौसष्ट वर्षांचा झाला.

डेलने पाण्यापासून जरा बाजूला, उंचवट्यावर जागा दाखवली. उंचवटा कसला, हातभर चढ. या सपाट मुलुखात तेवढ्यालाही टेकडी म्हणतात. यंत्राने माणूसभर खोल खड्डा काढला. एका अंगाने पाणी झिरपू लागलं. डेल शिडी लावून उतरला आणि सुरीने भिंत सोलू लागला. एकेक ढेकूळ फोडून तो बोटांत मळायचा, अंगठ्याने दाबून त्याची पट्टी काढायचा. पट्टी लांब निघत होती, तुटत नव्हती.

"चिकणच आहे," वरून व्हर्लिन म्हणाला. "पेवामो जातीची. काळी, आंबट, बुडालेली. मातीच्या नकाशात तेच लिहिलंय. लिही आणि चल, मला कामं आहेत."

"नकाशा काढणारा या कोपऱ्यात उतरला नसेल," डेल म्हणाला. त्याने मातीच्या रंगांचं पुस्तक उघडलं आणि ओलं ढेकूळ एकेका चौकोनाशेजारी धरून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

आर्डिस खड्ड्याच्या काठावर वाकली. "वाईट आहे का?"

"खाली या, दाखवतो."

ती उतरली. इतक्या वर्षांनी या मातीचा वास एवढ्या जवळून नाकात गेला.

"इथली सगळी माती हिमयुगात बर्फाने दळून टाकलेली," डेल म्हणाला. "एकाच पिठाची. पण जिथे पाणी साचून राहतं तिथे ती वर काळी आणि खाली राखाडी होते. ती पेवामो. जिथे पाणी निघून जातं तिथे तपकिरी राहते. ही बघा."

भिंत तपकिरी होती. मधासारखी नाही, पण गव्हाच्या पावाच्या कडेसारखी नक्की. मुळांच्या कडेकडेने तेवढे बारीक राखाडी ओरखडे होते.

"हे ओरखडे अलीकडचे. तीसचाळीस वर्षांचे. मातीच्या हिशेबात काल सकाळचे. आणि ही चमक दिसते? वरची चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरत आली आणि ढेकळांवर तिने साय धरली. त्याला हजारो वर्षं लागतात, आणि पाणी खाली उतरत असेल तरच ते होतं." त्याने अगदी तळाच्या मातीवर बाटलीतून आम्लाचे थेंब टाकले. ती फसफसली. "बर्फाने दळलेला चुनखडक. इतक्या खालपर्यंत धुऊन गेलाय. ही पेवामो नाही. हिला आम्ही ग्लिनवुड म्हणतो. भारी आहे, जड आहे, पण शोषखड्डा घेईल. तुमच्या भावाच्या सगळ्या शेतात एवढी चांगली जागा नसेल."

वर व्हर्लिन हसला. "मग ते पाणी काय, मी मुतून ठेवलंय?"

"तेच मला कळत नाही. हे पाणी या मातीचं नाही. कुठूनतरी येतंय." डेल शिडी चढून वर आला. "इथून नळ्यांची ओळ गेलीय?"

या भागात हा प्रश्न म्हणजे घरात चूल आहे का असं विचारण्यासारखा. प्रत्येक शेताखाली पाणी वाहून नेणाऱ्या भाजक्या मातीच्या नळ्या आहेत. त्या नसत्या तर हा सगळा मुलूख दलदलच राहिला असता.

"आहे. रस्त्यापलीकडचं पाणी आणते. कुंपणाच्या कडेने जाते," व्हर्लिन म्हणाला. "फुटली असणार कुठेतरी. तीन उन्हाळे खणलं मी, सापडली नाही."

"कुंपणाच्या कडेने? कोण म्हणालं?"

"म्हातारा. त्याने स्वतः टाकलेली."

 डेलने गाडीतून लोखंडी सळई काढली आणि पाण्याच्या कडेने दर पावलाला टोचत निघाला. कुंपणापासून बरंच आत, उंचवट्याच्या पायथ्याशी, सळई ठक्क करून थांबली. त्याने एक हात पुढे टोचली. पुन्हा ठक्क.

व्हर्लिन यंत्रावरून उतरला. वरची माती त्याने यंत्राने काढली, पण नळीजवळ आल्यावर फावडं घेतलं. शेवटचं हाताने उकरलं. काम करताना तो वेगळाच माणूस दिसायचा, हे आर्डिस विसरली होती. लाल नळ्या एकीला एक लावून नीट झोपलेल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. त्याने एक नळी सांध्यातून सोडवून उचलली. एका बाजूने पाणी उसळून त्याच्या बुटांवर आलं. दुसऱ्या बाजूच्या नळीच्या तोंडात काळं लाकूड दिसलं.

आर्डिसचं डोकं फिरलं. एवढे महिने गिळलेलं सगळं तोंडाशी आलं.

"तू बुजवलीस," ती म्हणाली. "कोपरा मला मिळू नये म्हणून. आपलाच मका बुडवलास वर्षानुवर्षं, पण मला सुखाने चार एकर दिले नाहीस. लाज वाटायला हवी होती, व्हर्लिन."

व्हर्लिन खालीच बसून होता. त्याने दोन्ही हातांनी ते लाकूड हलवलं, पिळलं आणि ओढून काढलं. ओळीने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि पाणी आत धावलं. त्याने ते बूच पाण्यात धुतलं, पाहिलं, आणि वर तिच्या हातात दिलं.

ओकचं लाकूड होतं, नळीच्या मापाने गोल तासलेलं, घाई न करता. भोवती बियाण्याच्या पोत्याच्या कुजक्या चिंध्या. त्यावर तार. दोन पीळ, आणि टोक आत वळवून केलेला कान.

तिने तो कान बोटाने चाचपला. सकाळी फाटकावर चाचपला होता तसाच. बोचत नव्हता.

"खुर्ची आणून बसायचा," व्हर्लिन खड्ड्यातून म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "मी तिकडे कुंपणाशी खणायचो आणि हा सावलीत बसून बघायचा. म्हणायचा, साधी नळी सापडत नाही तुला, शेती काय करशील. जेवताना म्हणायचा. चर्चमध्ये लोकांना सांगायचा. मर्नासमोर म्हणायचा."

 मग हळूहळू आर्डिसला पुढचंही दिसू लागलं, आणि ते बघायला नको होतं. बूच कुठे आहे हे बाबांना ठाऊक होतं. मृत्युपत्र लिहितानाही ठाऊक होतं. पाणी उभं असलेल्या जमिनीवर पाया घालता येणार नाही, वर्ष सरेल, कोपरा परत जाईल, आणि तोवर दोघं एकमेकांच्या नरडीला लागतील. वकिलाच्या खोलीत ती ज्याच्यासाठी रडली ते देणं नव्हतंच. मुलाला घरात डांबून ठेवायला जे बूच मारलं, तेच मुलीच्या तोंडाला पानं पुसायलाही पुरलं. तिला बापाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या रडण्याचा.

"मी तुमचा मातीचा दाखला देतो," डेल हळूच म्हणाला आणि गाडीकडे गेला. दुसऱ्याच्या घरातलं आपण ऐकायला नको होतं, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

व्हर्लिनने नळी जागेवर बसवली. सांध्यावर जुन्या नळीचं खापर ठेवलं, माती दाबली. वैऱ्याचीही नळी उघडी टाकून इथे कोणी जात नाही. आर्डिस खापरं वेचून त्याच्या हातात देत राहिली. ती चुकीचं खापर द्यायची तेव्हा तो ते बाजूला टाकायचा आणि हात पुढे करायचा.

"मी तुला नको ते बोलले," ती म्हणाली.

"हो. बोललीस." त्याने शेवटचं फावडं मारलं. "मीही तुला आज मुद्दाम पाण्यातच खणून देणार होतो. फिटलं."

आता नळ्यांचं पाणी जिथे पडतं त्या चरापर्यंत जाऊन ओळीचं तोंड बघायला हवं होतं. नळी दुरुस्त केली की पाणी पलीकडे येतं का हे बघितल्याशिवाय काम झालं म्हणत नाहीत, आणि बघायला दोघं जातात, कारण एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. चर अर्ध्या मैलावर होता. व्हर्लिन यंत्राकडे निघाला.

"त्या यंत्राने कधी पोचशील?" आर्डिस म्हणाली.

तिने गाडीचं पुढचं दार उघडलं. फोटोचा पट्टा सोडला. चौकट उचलून तिने ती मागे, बुटांच्या पिशवीशेजारी खाली ठेवली, आणि बूच तिच्यावर टाकलं. काचेला तडा गेला असावा. तिने पाहिलं नाही.

"बस."

व्हर्लिनने आपल्या बुटांकडे, मांड्यांकडे, कोपरापर्यंत भरलेल्या हातांकडे पाहिलं. "सीट खराब होईल तुझी."

"चांगली माती आहे. ऐकलंस ना."

तो बसला. पट्टा लावला. दार मात्र त्याने गरजेपेक्षा जोरात आपटलं.