वीणाताईंनी नाकारलेलं अध्यासन

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण माझ्या नावाची प्रोफेसरशिप मी स्वतः परत केली!" तिळाची वडी तोंडात टाकत वीणाताई म्हणाल्या, आणि नॉटिंगहॅमला मीनलकडे हळदीकुंकवाला जमलेल्या बायका सरसावून बसल्या.

वीणाताईंची हयात इथल्या एका कॉलेजात पुलांचं इंजिनिअरिंग शिकवण्यात गेली. पण त्यांच्या थापा म्हणाल, तर कुठल्याही पुलापेक्षा लांबलचक.

"अवधूत माझा विद्यार्थी. आता मँचेस्टरला मोठी कंपनी आहे त्याची. त्याने कॉलेजला देणगी दिली, माझ्या नावाने अध्यासन काढा म्हणून. मला म्हणाला, 'मॅडम, तुम्ही स्टेजवर हव्यात. आणि सत्काराची शाल तुमच्याच पसंतीची आणा.'"

नावाचा भाग सोडला, तर एवढं खरं होतं. ज्याचा सत्कार, त्याला आपल्याकडे आधी कुठे सांगतात? पोरगं आडून सुचवतंय, असं समजून वीणाताईंनी पुण्याहून शाल मागवली. वांगी रंगाची, स्वतःच्या अंगावर खुलेल अशी.

"मग काय झालं, काकू?" मीनलने विचारलं.

"मी उठले मात्र, टाळ्यांनी झुंबर हललं! व्हाइस चान्सलर ढसाढसा रडले. ट्रेंट नदीवरचे हंस खिडकीत येऊन बसले."

"अय्या, काहीतरीच!"

"हसा, हसा. मी माइक घेतला. म्हटलं, अवधूत, बाळा, माझं नको, आपल्या हार्डिंगसाहेबांचं नाव दे. बिचाऱ्यांना दुसरं आहे काय! आणि ती शाल मी माझ्या हाताने त्यांच्या खांद्यावर घातली."

घातली होती खरीच. त्यासाठीच तर त्यांना स्टेजवर बोलावलं होतं. हार्डिंग त्यांचे विभागप्रमुख. आता अवधूतच्या कंपनीचे सल्लागार. दर रविवारी वीणाताईंकडे आमटी-भात ओरपणाऱ्या, प्रबंधाचं पान न् पान त्यांच्याकडून सुधारून घेतलेल्या अवधूतने भाषणात 'माझे एकमेव गुरू' म्हणून हार्डिंगकडे हात केला. वीणाताई शालीचं तबक धरून शेजारी उभ्या होत्या. फोटो निघेपर्यंत त्यांनी चेहऱ्यावरचं हसू कसंबसं धरून ठेवलं.

"आणि अवधूत काय म्हणाला?" कुणीतरी विचारलं.

"तो? त्याने माझ्या पायांवर लोटांगणच घातलं. 'मॅडम, एवढं मोठं मन...' पुढे बोलवेचना त्याला. गुणी आहे हो पोर."

त्यांची मुलगी अनुया कोपऱ्यात बसली होती. जन्म इथलाच, नोकरी इथल्याच हॉस्पिटलात. 'गुणी' ऐकलं आणि तिने डिश खाली आपटली.

"आई, स्टॉप इट. खोटं आहे हे सगळं. मी फ्रंट रोमध्ये होते. त्याने तुझा नाव घेतलाच नाही. एकदा पण नाही! आणि तू अजून त्यालाच नाइस बनवते?"