चुकवलेल्या सुया

नवऱ्याकडून दाढी करून घ्यायची वेळ गोमतीवर आली होती. न्हाव्याला बोलावणं शक्यच नव्हतं. सवाष्णीसाठी घरात न्हाव्याचा वस्तरा आला असता, तर साऱ्या गल्लीत बोंब झाली असती. चंद्रमौलीने स्वतःची दाढीही कधी स्वतः केलेली नव्हती. बिचारा श्वास रोखून बायकोच्या हनुवटीवरून पातं फिरवी. मग ती वरून हळद चोळी.

छातीतली गाठ कापूनही रोग हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टरांनी पुरुषी संप्रेरकाच्या सुया सुरू केल्या. आठवड्याला तीन. हाडांचं दुखणं खरंच ओसरलं. पण दाढी आली, चेहरा पुटकुळ्यांनी भरला, पाय सुजले म्हणून मीठ बंद झालं; आणि गोविंदपुरमच्या मठातल्या भजनात सगळ्यांच्या वर चढणारा तिचा आवाज पुरुषासारखा जाड झाला. डॉक्टर म्हणाले, केसांचं काही करता येईल, आवाज परत येणं कठीण. त्यांचं काय जातं बोलायला!

शेजारणींना ती घसा बसलाय असं खुणेनेच सांगे. दुखण्यापेक्षा या लपवालपवीनेच ती जास्त थकली होती. त्यात लेकीला, भवानीला, सातवा लागला. डोहाळजेवणासारखं तिला बांगड्या भरायला बायका जमणार, आणि पोटातल्या बाळासाठी गाणं पोरीच्या आईनेच म्हणायचं. गोमतीने गुपचूप तीन आठवडे सुया चुकवल्या. दवाखान्यात जाते सांगून निघे आणि महामहम तळ्याच्या पायरीवर बसून परत येई.

आवाज परतला नाही. दुखणं परतलं.

समारंभात भवानीला बांगडी चढवताना कळ येऊन तिचा उजवा हात अर्ध्यावरच थांबला. चेहरा पांढरा पडला. भवानीने ओळखलं.

"सुया सोडल्यास की, अम्मा?" ती हळूच म्हणाली.

"तुझ्यासाठीच गं," गोमती कुजबुजली. "असला आवाज घेऊन बाळापुढे काय गाऊ?"

"तुझा जुना आवाज मला ठाऊक, अप्पांना ठाऊक. बाळाला कुठं ठाऊक हाय? त्याच्या आजीचा आवाज म्हणजे हाच. तू नसलीस तर हाही नाही."

गोमतीला रडू आलं, रागही आला. इतक्या दमलेल्या माणसाला आणखी जगायला सांगणं, निर्दयच पोर! उरलेल्या बांगड्या तिने डाव्या हाताने भरल्या. मग बायकांच्या घोळक्यातून, ओसरीवर बसलेल्या नवऱ्याला तिने त्याच जाड आवाजात मोठ्याने हाक मारली, "अहो, जटका गाडी बोलवा. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायला हवं."