लोकरीची शपथ

चाबकाचा दांडा बाईसाहेबांच्या खांद्यावर बसला तेव्हा मी त्यांचे केस विंचरत होते. फणी माझ्या हातातच मोडली.

"भावाला पत्र लिहितेस?" लॉर्ड विंकवर्थ ओरडले. "मला घेऊन जा म्हणून? कायद्यानं तू माझी आहेस. त्या घोडीसारखी!"

"घोडीला तुम्ही एवढं मारत नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

अशी जीभ! मग दुसरा बसला, तिसरा बसला. मी मधे पडले तर मला भिंतीवर आपटलं. माझे दोन दात तिथेच पडले.

साहेब गेल्यावर वळ झाकायला मी शिशाची पांढरी भुकटी कालवायला घेतली. अकरा वर्षं हेच माझं काम. त्यांनी मारायचं आणि मी रंगवायचं. जेवायला आलेल्या बायका म्हणायच्या, काय गोरी आहे हो लेडी होनोरिया!

"आज रंग नको, टॅबिथा," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. मी मेले तर कशानं मेले, ते कुणाला तरी लिहून ठेवायला लाव. पडली म्हणतील बघ."

"मरोत तुमचे वैरी!" मी म्हटलं. पण शब्द दिला.

पाचव्या दिवशी सकाळी त्या जिन्याच्या पायथ्याशी सापडल्या. डॉक्टर आला, साहेबांबरोबर दारू प्यायला बसला आणि म्हणाला, पाय घसरला. शेवटची अंघोळ मीच घातली. मानेवर एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. जिन्याला बोटं असतात होय? मी रडले, शिव्या दिल्या, पुन्हा रडले.

आमच्याकडे कायदाच आहे, मढं इंग्लंडच्या लोकरीतच गुंडाळायचं, म्हणजे लोकरवाल्यांचा धंदा चालतो. बडे लोक दंड भरतात आणि मलमलीत जातात. मलमलीतून मान दिसली असती, म्हणून साहेबांनी लोकर मागवली, पार हनुवटीपर्यंत. पण एक गोष्ट ते विसरले. लोकर नेसवली की नेसवणारीला आठ दिवसांत शपथेवर तसं सांगावं लागतं. आणि नेसवणारी होते मी!

पाद्री पेल यांच्यासमोर मी बायबलवर हात ठेवला.

"प्रेत निव्वळ लोकरीत होतं?"

"होतं. आणि मानेवर बोटं होती, पाचही. साहेबांनी गळा दाबलाय. लिहा."

पाद्रीबुवांनी लेखणी खाली ठेवली. उठून दार लावून घेतलं. "अगं, मी लोकरीचं विचारलं."

"मी मानेचं सांगतेय."

"या कागदावर मानेला जागा नाही, टॅबिथा. हे चर्च त्यांच्या जमिनीवर उभं आहे. सहीची फुली मार आणि घरी जा."

"आधी मान लिहा, मग फुली."

त्यांनी चर्चची घंटा वाजवणाऱ्याच्या बायकोला हाक मारली. तिनं बाईसाहेबांना मेल्यावर पाहिलंही नव्हतं. तिनं बायबलवर हात ठेवला, फुली मारली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

माझी नोकरी त्याच दिवशी सुटली. आता गावात लोकांची धुणी धुते. साहेबांनी दुसरं लग्न केलं. विहिरीवर, बाजारात, भेटेल त्याला मी सांगते. लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरू दे. मला वाचता येत नाही, म्हणून दर ईस्टरला चर्चच्या कारकुनाकडून पुरलेल्यांची वही वाचून घेते.

"लेडी होनोरिया विंकवर्थ, वय तेहेतीस. लोकरीत पुरली."

"पुढे?"

"पुढे काही नाही, मावशी."