मिलमधली पंगत

आग लागो त्या सर्व्हेले, असंच मी पहिल्या दिवशी म्हटलं.

आमची गोंदियाजवळच्या मुर्रीत पोह्याची मिल आहे. नागपूरच्या एका कंपनीनं सांगितलं, तुमचा पोहा आम्ही आमच्या पाकिटात विकू, पण आधी आमचं माणूस दुकानदारांना भेटेल, मिलमधल्या कामगारांशी बोलेल, मग ठरवू. आमचे हे खूश झाले. मला काही ते पटलं नाही. पोहे निवडणाऱ्या बाया एकेक करून काम सोडून जाऊन राहिल्या होत्या, उरलेल्यांच्यानं माल उरकत नव्हता, अन् अशा वेळी परक्या पोरीनं येऊन आमची झाकली मूठ उघडायची! कंपनी हातची गेली तर मिलला कुलूपच लागणार होतं.

मुलाखती घ्यायला आली रुचिका. गोंदियाचीच पोर, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आधी बाजारात दुकानोदुकानी फिरली. मग मिलमागच्या आंब्याखाली एकेकीला बसवून बोलली. ह्यांना तिकडं फिरकूही दिलं नाही.

"कोण काय म्हणते, सांग तं खरी," ह्यांनी विचारलं.

"काकाजी, नाम नहीं बताते. नाव फुटलं तर पुढं कोणी खरं बोलणार नाही."

"खरं बोलाले कायचं भेव? माह्या मिलमधे मालक-मजूर काई नाई. मी दुपारी त्याइच्यासंगं बसून जेवतो, विचार कोणालेबी!"

ते खोटं नव्हतं. जेवणाची घंटा झाली की हे आपला डबा घेऊन बायांच्या पंगतीत जाऊन बसायचे. "खा वं, लाजता कायले?" म्हणायचे, अन् सुट्टी संपेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. सगळ्यांना पुरेल म्हणून मी जास्तीची भाजी बांधून द्यायची. गावात आमचं नाव होतं त्यावरून.

तरी बाया जातच होत्या. आमची सगळ्यात जुनी निवडणारी देवका, ह्यांच्या धाकट्या चुलतभावाची बायको, सुपावरच भोवळ येऊन पडली. ह्यांनीच दवाखान्यात नेलं तिला. त्यानंतर ती आली नाही, अन् तिच्यामागं दुसऱ्याही गळाल्या. आम्ही म्हणायचो, बाई उपास लई करते, दुसरं काय!

मुलाखती संपल्यावर रुचिका घरी आली. पाणी प्यायली अन् म्हणाली, "दुकानदारांची एकच तक्रार आहे. पोत्यावर कामाच्या पाळीची खूण असते ना, सकाळची की दुपारची? सकाळचा माल साफ. दुपारच्या पोत्यात तूस अन् खडे."

हे उसळलेच. "दुपारून काय झोपा काढतेत का बाया?"

"नहीं काकाजी. भुकेल्या असतात."

"भुकेल्या? आन मी रोज त्याइच्यात बसतो तो काय आंधळा आहो?"

"तुम्ही बसता म्हणूनच," ती हळू बोलली. "सगळ्या ह्याच गावच्या सुना. तुम्ही कोणाचे ना कोणाचे भासरे. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर बाई तोंड उघडून खाईल का? डबा उघडतात, पदर ओढतात, पाठ करून बसतात. तुम्ही उठता अन् लगेच कामाची घंटा होते. डबा भरलेलाच घरी जातो."

बाप्पा रे बाप्पा! मी स्वतः आमच्या भासऱ्यासमोर आजवर चहासुद्धा प्यायले नाही. अन् ह्यांना पंगतीत बसायला रोज भाजी बांधून मीच पाठवून राहिले होते! मिल म्हणजे मिल, तिथं कोण भासरा अन् कोण सून, असंच मी धरून चालले होते. माझ्या अकलेवर काय धोंडा पडला होता कोणास ठाऊक.

हे म्हणाले, "मले कोणी बोललं काऊन नाई?"

"भासऱ्याला ऊठ कोण म्हणणार? मलाही आधी सगळ्यांनी हेच सांगितलं, मालक देवमाणूस आहे. झूठ नहीं बोल रही थीं. मी दुसऱ्यांदा त्यांच्याजवळ बसले तेव्हा एक रडली, मग बाकीच्या बोलल्या." जाताना तिनं सांगितलं, कंपनी अजून एकदा माल पाहील, तेवढी संधी आहे.

मी तशीच उठून देवकाकडं गेले. माझा राग आवरेना. "मले सांगाचं ना वं! मी मेली होती का?"

"काय सांगू जी, बाई," ती म्हणाली. "ते एवढ्या मायेनं बसत. भुकेचं नाव काढलं असतं तं त्याइच्या मायेले बट्टा लागला असता."

"जळो ती माया! उद्यापासून ते घरी जेवतीन. तू ये."

ती आली. तिच्या भरवशावर बाकीच्याही आल्या. दुपारी घंटा झाली अन् हे मुकाट्यानं घरी आले. मी ताट वाढलं, बाजूला उभी राहिले. ह्यांनी दोन घास खाल्ले अन् थांबले.

"तू जेवली?"

"होऊ द्या तुमचं."

"रोज माह्या मांगूनच जेवतेस?"

"मग काय आधी जेवू? आता माझी मुलाखत घेऊन राहिले का?"

ते हसले नाहीत. ताट माझ्याकडं सरकवलं. "बस. माह्यासमोर खा."

मी आधी हसले, मग चिडले. जेवा मुकाट्यानं, म्हटलं. ते हात आवरून बसले. शेवटी मी बसले, भाकर मोडली, घास केला. माझं लग्न होऊन आता घरात सून आली, तरी ह्यांच्यासमोर खायचा प्रसंग कधी आला नव्हता. हात काही तोंडाकडं जाईना. हे बघतच होते, अन् बघता बघता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिकडं पहा ना जी," मी म्हटलं.

ते भिंतीकडं तोंड करून बसले, तेव्हा कुठं घास माझ्या घशाखाली उतरला.