मी नर होतो, मी मादी आहे

मित्रांनो, मी एक म्हातारी मासोळी आहे. अंग नारिंगी आणि त्यावर पांढरे पट्टे, म्हणून माणसे आमच्या जातीला विदूषक मासा म्हणतात. माझा नारिंगी रंग आता फिका पडला आहे. मुलांच्या वाढीच्या तक्रारी पाहणाऱ्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत मी राहते. गोष्टीच्या सुरुवातीला मी ‘आलो’, ‘गेलो’ असे म्हणेन. ती चूक समजू नका. तेव्हा मी नर होतो.

माझा जन्म समुद्रात झाला. खडकाला चिकटून राहणाऱ्या, समुद्रफूल नावाच्या एका प्राण्याच्या डंख मारणाऱ्या बोटांमध्ये आमचे घर होते. इतरांना त्याचा डंख बसे, आम्हाला नाही. घरात सगळ्यांत मोठी एक मादी, तिच्या खालोखाल तिचा नर आणि बाकी आम्ही बारकी. एके दिवशी जाळे आले. मग प्लास्टिकची पिशवी, मग दुकान, मग पुन्हा पिशवी.

टाकीत सोडल्यावर मी आनंदाने सरळ पोहत सुटलो आणि नाकावर आपटलो. समोर सगळे दिसत होते. खुर्ची, वजनकाटा, दार, दाराबाहेरचा जिना. पण जाता कुठेच येत नव्हते. ही काच कुठेतरी संपत असेल म्हणून मी कडेकडेने फिरत राहिलो. ती कुठेच संपत नाही. अडकल्याचे दुःख मला त्या फेऱ्यांत कळले. भिंत दिसली तर निदान तिच्यावर चिडता येते. काचेवर चिडायचे तरी कसे?

टाकीत आधीपासून एक मोठी मादी होती. तिने पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात दामटले. पुढे तिचा राग निवळला आणि मी तिचा नर झालो. तिने दगडावर अंडी घातली की मी शेपटीने त्यांच्यावर पाणी हलवत बसे. अंडी राखणे हे आमच्यात बापाचे काम. ती पिल्ले मात्र कधी जगली नाहीत. टाकीत त्यांच्यापुरते अन्नच नसे.

दवाखान्यात माझे फार कौतुक होते. रडत आलेले मूल मला पाहून गप्प झाले की डॉक्टरबाई म्हणत, “माझ्यापेक्षा हाच चांगला डॉक्टर आहे.” मला बरे वाटे. पण मूल निघून जाई आणि मी तिथेच राही.

तिथेच मला भिंगरी भेटली. एका जागी स्थिर बसत नसे म्हणून बापाने ठेवलेले हे नाव. आई, बाबा आणि आत्या असे तिघे तिला घेऊन येत. तिच्या शरीरातल्या ग्रंथी एक जरुरीचे हार्मोन बनवत नव्हत्या आणि पुरुषी हार्मोन मात्र जास्त बनवत होत्या. जन्माच्या आधीपासून असे चालले होते. त्यामुळे तिच्या शरीराची ठेवण इतर मुलींपेक्षा थोडी निराळी होती. तिला रोज गोळ्या घ्याव्या लागत.

“गोळ्यांनी हिचं वागणं सुधारेल ना?” आत्याने विचारले. “पोरांत कुस्ती खेळते. बाहुली आणून दिली, तर तिला गोलकीपर केलं.”

“चेंडू अडवला का तिनं?” डॉक्टरबाईंनी भिंगरीला विचारले.

“एकही नाही,” भिंगरी म्हणाली. “नुसती हसत होती.”

डॉक्टरबाई आत्याकडे वळल्या. “ताई, गोळ्या तिच्या जिवासाठी आहेत, खेळ सुटावा म्हणून नाहीत. आईच्या पोटात तिला जे हार्मोन जास्त मिळालं, त्यानं दंगामस्तीकडे ओढा वाढू शकतो. पण म्हणून ती मुलगी नाही असं होत नाही.”

“अहो, पण निसर्गाचं काही ठरलेलं असतंच की. आदिमानवापासून पुरुष शिकारीला आणि बाई पोरांपाशी.”

“काही सवयी तशा पिढ्यान् पिढ्या आल्याही असतील. माकडांच्या पिल्लांतसुद्धा नर जरा जास्त कुस्ती खेळतात. पण माद्याही खेळतात, आणि त्यांना कुणी दवाखान्यात आणत नाही.”

बाबा हसले. आत्या हसली नाही. ती वाईट नव्हती, मित्रांनो. लोक पुढे भाचीला काय म्हणतील, या भीतीने तिला घेरले होते.

पुढच्या हिवाळ्यात माझी मादी मेली. डॉक्टरबाईंनी मला सोबत म्हणून समुद्रातून पकडलेला एक धाकटा मासा आणून सोडला. आता टाकीत सगळ्यांत मोठा मीच होतो. आमच्या जातीत अशा वेळी जे होते, तेच माझ्यात सुरू झाले. आधी स्वभाव बदलला. धाकट्याला मीच कोपऱ्यात दामटू लागलो. मग अंग भरले, आतले सगळे हळूहळू पालटले आणि मी मादी झाले. मला कोणी विचारले नाही, मीही कोणाला विचारले नाही.

भिंगरीच्या लगेच लक्षात आले. “डॉक्टरमावशी, हा केवढा मोठा झालाय!”

“तो आता ती आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला सगळे समजावून सांगितले.

आत्याचा चेहरा उतरला. “म्हणजे आमचीही...”

“नाही, ताई. माणसाचं असं होत नाही. माशावरून तिचं काही ठरवू नका. माकडावरूनही नको.”

भिंगरी थोडी मोठी झाली, तेव्हाची एक दुपार मला विसरता येत नाही. रक्त तपासायचे आहे असे सांगून तिला आणले होते. ती टाकीला नाक लावून बसली होती, पाठ सगळ्यांकडे. आत्या हळू आवाजात म्हणाली, “मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख घेतलीय. एकदा ते शरीर बाकीच्या मुलींसारखं झालं की सुटलो. तिला आत्ता काही सांगू नका. पोर आहे.”

“तिच्या प्रकृतीला त्याची गरज नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि तिला न सांगता मी हो म्हणणार नाही.”

भिंगरीचे डोळे माझ्यापासून बोटभर अंतरावर होते. ते भरून आलेले मी पाहिले. पळायला जागा नसलेल्या जिवाचे डोळे मला ओळखू येतात. पण ती वळली.

“माझ्याबद्दल बोलताय ना? मग मोठ्यानं बोला.”

आई म्हणाली, “बाळा, तुझ्या भल्यासाठीच.”

“मी मुलगीच आहे,” भिंगरी म्हणाली. “मला कधी वेगळं वाटलंच नाही, तुम्हालाच वाटतं. मला कुस्ती आवडते, एवढंच. मला दुखत नाहीये. मग कापायचं कशाला?”

आत्या काही बोलणार, तोच बाबा म्हणाले, “ताई, तारीख रद्द कर.”

“अरे, पण उद्या तिचं...”

“उद्याचं उद्या ती बघेल. आपण तोवर तिच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत.”

आत्याने पदराने डोळे पुसले. जाताना तिने भिंगरीचा हात धरला आणि भिंगरीने तो धरू दिला. दोघी जिना उतरताना मला दिसल्या, वळणापर्यंत. पुढचे मला दिसत नाही.

भिंगरी मोठी झाली. शस्त्रक्रियेबद्दल तिने पुढे काय ठरवले, ते तिने दार लावून डॉक्टरबाईंना सांगितले. मी तेव्हा खोलीतच होते, पण ती गोष्ट तिची आहे, म्हणून मी सांगत नाही.

आता डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आहेत. नवे डॉक्टर सज्जन आहेत, पण त्यांना वेळ नसतो. येणारी मुले मोबाइल बघतात. काचेवर शेवाळ चढले आहे, पाण्यात हवा सोडणारा पंप मधूनच बंद पडतो आणि मग मी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकते. बाहेरचे आता हिरवट, अंधूक दिसते.

मित्रांनो, कोणाच्याही आयुष्याचा निर्णय घेताना आधी त्याच्याशी बोला. आम्हाला बोलता येत नाही, तर निदान आमच्याकडे नीट बघा. माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. मी गेले की धाकटा एकटा राहील. तो मोठा होईल, माझ्यासारखा तोही मादी होईल आणि ती कोणाची तरी वाट पाहील. तुम्हाला तिची दया येईल. तिचे पाणी बदला, काच पुसा, तिच्यापाशी थोडा वेळ बसा. पण तिला सोबत म्हणून समुद्रातून आणखी एखादे पिल्लू आणू नका.