रिपोर्ट दोघांचे

गरोदरपणात मंजुषाची साखर वाढली होती. त्यामुळे आज लेकीला मांडीवर घेऊन सिडकोतल्या दवाखान्यात बसताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाळंतपणानंतर तिचं अंग सुटलं, तसे सासूबाईंनी डिंकाचे लाडू तिच्याऐवजी तिच्या नवऱ्याच्या, दिगंबरच्या ताटात वाढायला सुरुवात केली. "तू आधीच लई सुटलीस. त्याला खाऊ दे, गडीमाणूस हाय," असं म्हणायच्या. दिगंबरही मिटक्या मारत खायचा.

डॉक्टरबाईंनी तिचे आणि तिच्यासोबत तपासून घेतलेल्या दिगंबरचे रिपोर्ट पाहिले. "मंजुषा, तुमची साखर ठीक आहे. यांच्या यकृतात मात्र चरबी साठलीय. ते इन्सुलिनला दाद देत नाही, रक्तात साखर सोडतच राहतं."

"पण वजन तर हिचं जास्त!" दिगंबर म्हणाला.

"पुरुषांची चरबी पोटात साठते, यकृताला लवकर भोवते. बायकांना पाळी जाईपर्यंत थोडं संरक्षण असतं. वजन वाढतच गेलं तर तेही पुरत नाही."

मंजुषाला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. दिगंबरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे बरं होतं ना, मॅडम?" त्यानं विचारलं.

"होतं. पण खाणं आजपासून बदलायला हवं."

मंजुषानं फोन लावून डॉक्टरबाईंसमोर धरला. "मग सासूबाईंना तुम्हीच सांगा. माझं त्या ऐकायच्या नाहीत."